उजव्या हाताचं माप

भाड्याने खोली बघायला गेलेल्या एकट्या मुलीला घरमालक काय काय विचारतो ते मला पाठ होतं. नोकरी कुठे, अंडं खाता का, भेटायला कोण येणार, रात्री किती वाजता परत. कारेलीबागेतल्या त्या घराच्या ओट्यावर उभं राहून मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. दार उघडणाऱ्या माणसाने मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "पाच मिनिटं गप्प बसता येतं का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तोंड मिटून. पाय जमिनीला टेकवून. पाठ टेकून. चहा पिऊन आलात काय?"

"नाही."

"सारू. बेसो," अर्ध्या गुजरातीत म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली.

पाच मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत गप्प बसले. मग त्यांनी माझ्या उजव्या दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर घेतलं. दोन मिनिटं थांबून डाव्या दंडाला बांधलं. दोन्ही आकडे शाईने वहीत लिहिले आणि म्हणाले, "एकशे बारा, एकशे दहा. चालेल. खोली तुमची." मी मनात म्हटलं, अगंबाई, हा माणूस वेडा आहे! पण खोली हवेशीर होती आणि नंदेसरीला जाणारी आमची कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची. मी राहिले, आणि चांगली पाच वर्षं राहिले.

सोसायटीतली पोरं त्यांना मापकाका म्हणत. मी नुसतं काका म्हणायचे. ते मला केमिस्टबाई म्हणत, कारण मी नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात प्रयोगशाळेत होते. पहिल्या आठवड्यातच त्यांनी तुम्हीवरून तूवर उडी मारली, पण 'बाई' काही सोडलं नाही. काकांची सारी नोकरी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात गेजरूममध्ये गेली होती. कारखान्यात जी जी मापयंत्रं वापरतात ती खरं माप दाखवतात की नाही हे तपासायचं, बरोबर असेल तर हिरवं लेबल चिकटवायचं, नसेल तर लाल. तीस वर्षं त्यांनी एवढंच केलं. त्यांचे आजोबाही म्हणे संस्थानच्या काळात बाजारातली वजनं तपासत हिंडायचे. खोड रक्तातच होती.

नवीन धोरण आलं, कंपन्यांनी माणसं कमी करायला स्वेच्छानिवृत्ती काढली, तेव्हा सगळे रडत-भेकत अर्ज भरत होते. काकांनी पहिल्या दिवशी पहिला अर्ज दिला. कारण घरी काकू होत्या. काकूंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही. समजायचं सगळं. हसायच्या, रागवायच्या, मालिकेतल्या सासूवर डोळे वटारायच्या. शब्द मात्र तोंडातून निघायचा नाही. मूलबाळ नव्हतं. बाई ठेवायला काका तयार नव्हते, कारण कुठलीच बाई त्यांच्या परीक्षेत पास व्हायची नाही.

काकूंना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, हा त्या घराचा कायदा. पाठीला एकसुद्धा जखम होता कामा नये. रोज सकाळी काका त्यांच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरायचे, सोडायचे, आणि ती सपाट व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे.

"हे काय?" मी विचारलं होतं.

"कातडीच्या खाली जाळी असते. कोलॅजन म्हणतात तिला. ती धड असली तर कातडी पाधरी, म्हणजे सरळ, जागेवर येते. रक्ताच्या नळ्यांच्या भिंतीतपण तीच. ती बिघडली की कातडी फाटते आणि नळी कडक होते. म्हणून हिला रोज आवळा." मग वहीत त्यांनी पेन्सिलीने लिहिलं.

"बीपी शाईने आणि हे पेन्सिलीने का?"

"बीपी माप आहे. हा अंदाज आहे. पाणी कमी प्यायली तरी कातडी हळू बसते. अंदाज शाईने लिहिणाऱ्या माणसाचा भरवसा करायचा नाही, केमिस्टबाई."

हे ऐकून मी चाट पडले. आमच्या प्रयोगशाळेत भलेभले अंदाज शाईने लिहीत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात मीही होते.

दूधवाला, इस्त्रीवाला, गॅसचा सिलिंडर आणणारा, कोणी म्हणून सुटायचा नाही. पाच मिनिटं गप्प, दोन्ही हात. "एका हाताचं माप म्हणजे एका डोळ्याने बघितलेली मुलगी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक चिडायचे, हसायचे, आणि पट्टा बांधायला हात पुढे करायचे. इस्त्रीवाल्याचं वाढलेलं बीपी काकांनीच पकडलं. तो गोळ्या घेईना, तेव्हा त्याची इस्त्री आपल्या घरात लपवून ठेवली. दोन दिवस सोसायटीभर लोक चुरगळलेल्या शर्टांत हिंडत होते. तिसऱ्या दिवशी तो गोळी घेऊन आला, काकांसमोर गिळली, इस्त्री घेतली आणि गुजरातीत चार शिव्या देऊन गेला. काका खूश होते.

समोरच्या ब्लॉकमधल्या बेन फार भल्या. त्या एका वर्षी कसल्याशा पावडरीच्या कंपनीत लागल्या, म्हणजे स्वतः घ्यायची आणि आणखी चारजणांना घ्यायला लावायची. त्यांनी सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये मांडव घालून शिबिर भरवलं. टायवाला एक तरुण मशीन घेऊन आला. पितळेची कांडी मुठीत धरायची, एक मिनिट थांबायचं, कॉम्प्युटर सगळं सांगणार: हृदय, मेंदूचा रक्तपुरवठा, कोलॅजन, काय वाट्टेल ते. नंतर छापील पानांचा गठ्ठा हातात. बेन स्वतः आमच्याकडे आल्या. "काका, काकीने लई आवो ने. एकदम सायंटिफिक मशीन छे." काकूंना घेऊन याच, म्हणत होत्या.

मला वाटलं आता हे भडकणार. पण काकांनी मुकाट्याने काकूंना धुतलेली साडी नेसवली, वेणी घातली, चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. मला त्यांचा चेहरा आठवतो. त्या माणसाला आशा होती हो. इतकी वर्षं मेंदूच्या आत काय चाललंय ते त्यांना बाहेरून मोजता आलं नव्हतं. कुणी सांगत असेल की एका मिनिटात कळतं, तर त्यांना ते हवंच होतं.

काकूंच्या डाव्या मुठीत कांडी दिली. पानं छापून आली. काकांनी चष्मा लावून वाचलं. 'मेंदूचा रक्तपुरवठा: सामान्य.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग टायवाल्याला शांतपणे म्हणाले, "आणखी एकदा घे." दुसऱ्या खेपेला 'किंचित कमी' आलं. तिसऱ्या खेपेला पुन्हा 'सामान्य', पण कोलॅजन निम्म्यावर. पंधरा मिनिटांत! काका माझ्याकडे वळले. "केमिस्टबाई, घरात दुधी आहे ने? ओल्या फडक्यात गुंडाळून आण."

मी धावत गेले आणि चांगला हातभर दुधी आणला. काकांनी फडक्याच्या घडीत कांडी खुपसली. टायवाला म्हणाला, "आ शुं करो छो?" काका म्हणाले, "नाव लिही. दुधीभाई. वय पन्नास, वजन साठ किलो. चलाव."

बिचाऱ्याने चालवलं. दुधीचं हृदय थोडं थकलेलं निघालं. मेंदूचा रक्तपुरवठा चांगला. डोळ्यांच्या कोलॅजनमध्ये किंचित कमतरता. इस्त्रीवाला हसता हसता खालीच बसला. काकूसुद्धा गदागदा हसत होत्या. हसले नाहीत ते एकटे काका. "जिचा अर्धा मेंदू गेला तिला तू सामान्य म्हणतोस," ते टायवाल्याला म्हणाले, "आणि लोक तुझ्या कागदावर भरवसा ठेवून गोळ्या बंद करतील. उचल हे."

टायवाला मशीन आवरत होता. जाता जाता तो चिडून म्हणाला, "काका, बधांनुं तपासो छो. तमारुं कोण तपासे छे?"

"माझं मी तपासतो," काका म्हणाले. लोक पुन्हा हसले. मीही हसले. पण सगळ्यांचं तपासणाऱ्याचं कोण तपासतं, हा त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

त्यानंतर महिनाभरातलीच गोष्ट. रविवारची सकाळ होती आणि मी लीलो चेवडो, म्हणजे तिकडचा ओलसर चिवडा, घेऊन खाली आले होते. काका काकूंना पलंगावरून खुर्चीत घेत होते. डावा हात त्यांच्या पाठीखाली, उजवा गुडघ्यांखाली, रोजच्यासारखा. काकूंना उचललं आणि काकांचे डोळे फिरले. पाय लटपटले. मी चिवडा टाकून धावले आणि दोघांना कसंबसं पलंगावर ढकललं. काकू घाबरून कण्हत होत्या. काका मिनिटभर भिंतीला टेकून बसले, मग म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढलाय."

"चष्म्याने कोणी असं पडतं का, काका? कितव्यांदा होतंय हे?"

ते काकूंची उशी सारखी करायला लागले.

"काका, कितव्यांदा?"

"हिला उचलतानाच होतं. एरवी नाही."

"डॉक्टरकडे चला."

"कशावरून? वही बघ." त्यांनी स्वतःची वही माझ्यापुढे टाकली. रोजचं माप, शाईने, एका अक्षराची खाडाखोड नाही. एकशे अठ्ठावीस, एकशे तीस, एकशे सव्वीस. अकरा वर्षं. "पस्तीशीच्या माणसाचं बीपी आहे. अमथी घाबरू नको."

मी चिडले. म्हटलं, तुम्ही जगाला डॉक्टरकडे पाठवता आणि स्वतः जात नाही, हा कुठला न्याय? तेव्हा काका जे बोलले ते त्यांनी आधी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. काकू ऐकत होत्या, तरी बोलले.

"हिला झटका आला त्याच्या चार दिवस आधी आम्ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो होतो. डोकं दुखतं म्हणून. डॉक्टरांनी एका हातावर बीपी घेतलं. काट्याचं मशीन. म्हणाले, नॉर्मल आहे, आराम करा. केमिस्टबाई, पट्टा सुटलेला असताना त्या मशीनचा काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या चांगला खाली होता. मी बघितलं. माझा धंदाच तो. कारखान्यात मी त्याला लाल लेबल मारलं असतं. पण मोठे डॉक्टर, बाहेर एवढी माणसं बसलेली, आपण मधे काय बोलायचं? मी गप्प बसलो."

काकूंनी डाव्या हाताने त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. त्यांना हे माहीत होतं की तेव्हाच कळलं, देव जाणे.

"आता मला एकच पाहिजे," काका म्हणाले. "मला हिच्या नंतर जायचंय. एक दिवस नंतर चालेल. आधी नाही. मी आधी गेलो तर हिला दोन तासांनी कोण वळवणार?"

मी म्हटलं, "मग तुमचं माप दुसऱ्या कुणीतरी घ्यायला पाहिजे. मी घेते."

"तुझा कान पास झालेला नाही."

"मग पास करा!"

आणि खरंच, त्या माणसाने माझी परीक्षा लावली. कारखान्यातली जुनी प्लॅस्टिकची नळी आणि एक तिठ्याचा, म्हणजे तीन तोंडांचा, तुकडा जोडून त्यांनी स्टेथोस्कोपला कानात घालायच्या दोन जोड्या बसवल्या, म्हणजे एकच ठोका दोघांना ऐकू यावा. रोज संध्याकाळी बसमधून उतरले की आंघोळ करून मी शिकवणीला हजर. काकू, दूधवाला, इस्त्रीवाला, बेन, सगळ्यांच्या दंडांवर मी शिकले. पारा हळू उतरवायचा. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके थांबले तो खालचा. मी माझ्या चिठ्ठीवर लिहायचे, ते त्यांच्या. मग चिठ्ठ्या उघडायच्या. दोनपेक्षा जास्त फरक पडला की नापास. "साव बहिरी आहेस," हे मी रोज ऐकत होते. मीही उलट बोलत होते. एकदा तर चिठ्ठी त्यांच्या अंगावर फेकून वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. मला हे सोडायचंच नव्हतं.

नाडी बघायला मात्र त्यांनी स्वतःचा डावा हात दिला होता. मला ती नीट लागायचीच नाही. इस्त्रीवाल्याची टणटण लागायची, काकांची कुठेतरी खोल, मऊ. "बोट जास्त दाबतेस," काका म्हणायचे. मला वाटायचं, असेल, माझंच बोट चुकत असेल. गुरूच्या हातात खोट असेल हे कुणाच्या मनात येतं?

तीन आठवड्यांनी सलग दहा मापं जुळली. काकांनी माझ्या जेवणाच्या डब्याला हिरवं लेबल चिकटवलं आणि म्हणाले, "पास. आता घे माझं." खुर्चीत बसले, पाच मिनिटं गप्प राहिले आणि डावा हात पुढे केला. एकशे तीस. माझं आणि त्यांचं तंतोतंत.

"बघितलंस?" ते म्हणाले.

"आता उजवा."

"उजवा कशाला?"

"काका, पहिल्या दिवशी तुम्ही माझे दोन्ही घेतलेत. दूधवाल्याचे दोन्ही घेता."

"उजवा मला फुगा दाबायला लागतो ने. स्वतःचं घेताना उजवा कसा बांधणार?" ते बोलून गेले आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. पण मग ते भलतेच भडकले. "अकरा वर्षं डाव्यावर आहे! हात बदलला की तुलना बिघडते. मला शिकवू नको. पास केलं म्हणून डोक्यावर बसायचं नाही." शर्टाची डावी बाही खाली ओढून ते उठायला लागले.

शेजारी खुर्चीत काकू होत्या. त्यांनी डावा हात लांब केला आणि काकांचा उजवा मनगटाशी धरला. मग त्या एका हाताच्या बोटांनी त्यांच्या बाहीचं बटण काढायला लागल्या. ते बटण निघेना. बोटं घसरायची, परत धरायची. काका मदतही करेनात आणि हातही सोडवेनात. मी मधे पडले नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. बटण निघालं. काकूंनी बाही कोपरापर्यंत सरकवली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी पट्टा बांधला. एकशे साठपर्यंत पारा चढवला आणि सोडायला लागले, तर कानात ठोके आधीच धडधडत होते. म्हणजे मी कमीच चढवलं होतं. मी काकांकडे बघितलं. दुसरी जोडी त्यांच्या कानात होती, त्यांनाही ऐकू आलं होतं. "परत," ते म्हणाले. मी थांबले, दोनशे दहापर्यंत चढवलं. पहिला ठोका एकशे अठ्ठ्याऐंशीवर आला. दोन मिनिटं थांबून पुन्हा. एकशे शहाऐंशी. पुन्हा. एकशे शहाऐंशी.

डाव्याला एकशे तीस आणि उजव्याला एकशे शहाऐंशी.

"माझा कान चुकला असेल," मी म्हटलं.

"नाही," काका म्हणाले. "कान बरोबर आहे. अकरा वर्षं मी खराब गेजवर सही करतोय." त्यांनी कानातून नळी काढली, वही ओढली, पेन उघडलं आणि पानापानावर तिरकी रेघ मारत सुटले. मी वही हिसकावून घेतली. म्हटलं, "हे नंतर करा. चपला घाला. आत्ताच्या आत्ता निघायचं." बेनना हाक मारून काकूंजवळ बसवलं आणि स्कूटरवर काकांना मागे बसवून निघाले.

डॉक्टरांनी सगळं तपासलं, नळ्यांचे फोटो काढले. डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी मुळाशीच चिंचोळी झाली होती. म्हणून डाव्या दंडावर माप कमी दिसत होतं आणि खरं बीपी सगळा वेळ उजव्यासारखंच चढलेलं होतं. शिवाय डाव्या हाताला ताकदीचं काम पडलं की तो मेंदूच्या वाट्याचं रक्त ओढून घ्यायचा. काकूंना उचलताना चक्कर यायची ती म्हणून. डॉक्टर म्हणाले, "नशीब समजा, आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर तुम्हीही पत्नीच्या शेजारच्या पलंगावर असतात." काकांनी एवढंच विचारलं, "मी हिला परत कधी उचलायचं?"

नळीत फुगा घालून ती उघडली. तोवर पंधरा दिवस काकूंना मी आणि बेन वळवत होतो. पलंगाजवळ कागदावर वेळा लिहिलेल्या होत्या आणि काका दवाखान्यातून फोन करून विचारायचे, चारची कूस झाली का? बेन म्हणायच्या, "थई गई, बाबा, थई गई!" घरी आल्यावर गोळ्या सुरू झाल्या. काका स्वतःचं माप घ्यायचे थांबले. रोज संध्याकाळी मी दोन्ही हातांचं घ्यायचे आणि ते मुकाट्याने बसायचे, पाय टेकवून.

पुढे माझं लग्न ठरलं आणि मी पुण्याला आले. जाण्याआधी बेनचा कान पास करून दिला. तीन वेळा नापास झाल्या, रडल्या, पण झाल्या. मी अधूनमधून फोन करायचे. काका आकडे सांगायचे, आधी काकूंचे, मग स्वतःचे, मग फोन ठेवायचे. कशी आहेस, मुलं काय करतात, असलं काही नाही.

असं सहा वर्षं चाललं. मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. ते कधी आपणहून फोन करत नसत. मी स्वयंपाकघरात उभी होते.

"केमिस्टबाई," ते म्हणाले, "काकू गेली. पहाटे, झोपेत. पाठीवर एक जखम नाही."

मी नुसतं "काका" म्हटलं.

"माझ्या आधी गेली," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी स्थिर होता. "जमलं मला."

"जमलं, काका," मी म्हटलं. आणि मग तिकडून ते रडायला लागले, मोठ्याने, लाज सोडून. मी फोन कानाला धरून ऐकत उभी राहिले.